एक पौंड धान्याचा हिशेब

देहाला किती अन्न पुरे, हा वाद महाराष्ट्रांत १८७७ सालीं दुष्काळी कामांवर पेटला. व्हाइसरॉय लिटन यांचे प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांनीं पुरुषाची मजुरी एक पौंड धान्याची किंमत व वर अर्धा आणा इतकीच ठरविली. मुंबई सरकारनेंही ती उचलली.

एक पौंड ज्वारींत सुमारें १,५०० ते १,६०० किलोकॅलरी असतात. स्वस्थ पडलेल्या प्रौढ पुरुषाचें हृदय, मेंदू, श्वास यांसच जवळजवळ तितक्या लागतात. मग खडी फोडावी कशाच्या बळावर? तूट पडली कीं शरीर प्रथम यकृतांतील सांठविलेली साखर वेंचतें, मग चरबी, आणि त्याबरोबरच स्नायूही. अवटुग्रंथीचा प्रभाव घटतो, देहाची आंच मंदावते. या काटकसरीनें माणूस लगेच मरत नाहीं. वरवर पाहणाऱ्या अधिकाऱ्यास शिधा पुरेसा वाटतो!

मजुरांना मात्र तो वाटला नाहीं. हजारोंनीं कामें सोडलीं. गणेश वासुदेव जोशी यांच्या पुणें सार्वजनिक सभेनें सरकारास सुनावलें कीं, तुरुंगांतील कैदीही याहून अधिक खातो. मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनीं तर डाळीचाही आग्रह धरला. पुढें मद्रासनें शिधा वाढविला. टेंपलसाहेब मुंबईचे गव्हर्नर झाले.