जुनापाणीची वर्तुळे कुणाची?

नागपूरजवळ काटोल रस्त्यालगत, जुनापाणीच्या माळावर दगडधोंड्यांची सुमारे ३०० वर्तुळे पसरली आहेत. १८७९ मध्ये रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्याने या भागातल्या वर्तुळांविषयी लिहिले, तेव्हा ती त्याला थेट ब्रिटनमधल्या वर्तुळांसारखी वाटली; दगडांवरच्या वाटीएवढ्या खळग्यांत तर त्याला दूरचे नातेच दिसले. त्या साम्याची भुरळ अजून पुरती ओसरलेली नाही, आणि तिच्यापायी विदर्भातल्या उत्खननांनी हाती दिलेला पुरावा झाकोळतो, याचे वाईट वाटते. माहुरझरी आणि खापा इथे वर्तुळांखाली मृतांबरोबर लोखंडी कुऱ्हाडी, काळी-तांबडी भांडी आणि घोड्याच्या तोंडावर चढवायचे तांब्याच्या पत्र्याचे अलंकार मिळाले. घोडा पोसणे, त्याला तांब्याने मढवणे आणि शेवटी ते सारे मातीत ठेवणे कुणाही गुराख्याला परवडणारे नव्हते. शिवाय काही शतकांत मेलेली सगळी माणसे या वर्तुळांत मावणेही शक्य नाही. तेव्हा हा मान मोजक्या घराण्यांचाच असणार.

यावर जुना आक्षेप असा, की वस्तीचे थर फारसे मिळत नाहीत, म्हणून हे लोक भटके पशुपालक होते. पण कुडामातीची घरे काळ्या जमिनीत किती काळ टिकणार? आणि ज्या जमिनीवर पुढे शतकानुशतके नांगर फिरला, तिथे थर पातळच उरणार. खाप्याजवळ टाकळघाटला वस्ती मिळाली. नाईकुंडला तर पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांच्या उत्खननात वर्तुळांच्या जोडीला वस्ती, धान्याचे जळके दाणे आणि लोखंड गाळण्याची भट्टी उजेडात आली. वक्र विटांची, भात्याची हवा आत नेणाऱ्या मातीच्या नळ्यांसह. लोहार फिरस्ता असू शकतो, हे मान्य. पण खनिज, कोळसा आणि धान्य एका जागी गोळा होते, तेव्हा त्यामागे वर्षानुवर्षे जमीन धरून राहिलेला समाज असतो. दुसरा आक्षेप आकाशाचा: खळग्यांच्या ओळी दिशा दाखवतात, म्हणून ही वेधशाळा. दिशेचे भान असेलही, मृताला कुठे तोंड करून ठेवायचे याची काळजी अनेक समाज घेतात. पण त्याने खालचे दफन खोटे ठरत नाही. जुनापाणीला १९६१-६२ मध्ये खणली गेली ती वर्तुळेच. ती बांधणाऱ्यांची घरे शोधायची तर कुदळ वर्तुळांच्या बाहेर, ओढ्याकाठच्या शेतांत चालवावी लागेल, आणि नागपूरची वस्ती तिथवर पोचण्याआधी.