खारे पाणी आणि तापलेले यंत्र

मुंबईच्या गोदीत वाडियांच्या हातून घडलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट 20 मार्च 1830 रोजी सुवेझच्या वाटेला लागली, तेव्हा तिच्यात कोळसा इतका खच्चून भरला होता की उतारूंच्या खोल्यांचीही त्यातून सुटका झाली नाही. या सफरीची हकीकत सांगताना कोळशाचा हिशेब सर्वच लेखक चोखपणे मांडतात. परंतु त्या काळच्या आगवाल्याच्या जिवाला खरा घोर असे तो पाण्याचा. बॉयलरात समुद्राचेच पाणी घालावयाचे, ते आटले की मीठ आणि चुना मागे राहावयाचा, त्याची पुटे पत्र्यावर चढावयाची, आणि आच व पाणी यांच्यामध्ये अशी भिंत उभी राहिली की पत्रा लाल होऊन फाटावयाचा. यावर तोड एकच : ठराविक वेळाने खारट झालेले पाणी समुद्रात सोडून देणे आणि त्याबरोबर ते तापविण्यास लागलेला कोळसाही वाया गेला असे समजणे. वाफ गार करून तेच गोडे पाणी पुन्हा बॉयलरात फिरविण्याच्या युक्तीची सनद सॅम्युएल हॉल याने 1834 साली घेतली खरी, पण ती जहाजांवर सर्रास रुळावयास पुढे तीस-एक वर्षे गेली.

आगबोटीचा हा वारसा तेलाच्या इंजिनाकडे आला, तो मात्र काहीसा अनपेक्षितपणे. रुडॉल्फ डीझेल याची मूळ कल्पना अशी होती की आपल्या यंत्रातील उष्णतेचे कार्यात इतके पूर्ण रूपांतर होईल की सिलिंडरास पाण्याने निवविण्याची गरजच उरणार नाही. 1893 साली आउग्सबुर्ग येथे चाचणीस घेतलेले त्याचे पहिले यंत्र या श्रद्धेनेच पाण्याच्या वेष्टनावाचून घडविलेले होते. अनुभवाने ती श्रद्धा मोडली. 1897 च्या चाचणीत जे यशस्वी इंजिन उतरले त्याच्या सिलिंडराभोवती पाणी खेळत होते, आणि तरीही तेलातील उष्णतेचा जेमतेम चौथा हिस्सा उपयोगी पडत होता. उरलेल्या उष्णतेची विल्हेवाट लावणे हे तेव्हापासून इंजिनवाल्याचे नित्यकर्म होऊन बसले.

आपल्या किनाऱ्यावर हे नित्यकर्म पोचले ते स्वातंत्र्यानंतर. पहिल्या पंचवार्षिक योजनेत मच्छिमारी होड्यांना इंजिने बसविण्यास सरकारी उत्तेजन मिळाले. दक्षिणेत, तत्कालीन त्रावणकोर-कोचीनमध्ये, नॉर्वेच्या साहाय्याने 1952 च्या करारान्वये हेच काम हाती घेण्यात आले, आणि उत्तर कोकणात सातपाटीसारख्या गावांनी त्यात पुढाकार घेतला. दरखास्ती झाल्या, कर्जे मंजूर झाली, होडीच्या पोटात लोखंड आले. ज्या तांडेलाची विद्या वारा, भरती-ओहोटी आणि पाण्याचा रंग ओळखण्यात होती, त्याला आता आणखी एक पाणी ओळखणे भाग पडले : होडीच्या कुशीतून बाहेर पडणारी ती ऊन धार.

या धारेत इंजिनाची सारी प्रकृती कळते, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. धार बारीक झाली, तिच्यातून वाफ येऊ लागली, किंवा धुराच्या नळीचा आवाज एकाएकी कोरडा वाटला, की जाणता माणूस प्रथम वेग कमी करतो. गोड्या पाण्याच्या टाकीचे झाकण तो उघडीत नाही, कारण आतले पाणी दाबाखाली असते आणि तोंड भाजते. तापल्या लोखंडावर गार पाणी ओतण्याचा मोह तर तो कटाक्षाने टाळतो, कारण बीड तडकते. मग शोध सुरू होतो तो पाण्याच्याच वाटेने. तळातील तोंडाशी शेवाळ, जेलीफिश किंवा ओहोटीच्या वेळी खाडीमुखातला गाळ अडकला आहे काय? गाळणी भरली आहे काय? पंपाचा पट्टा सैल आहे, की आतल्या रबरी चक्राच्या पाकळ्या झडल्या आहेत? झडल्या असतील तर चक्र बदलून भागत नाही. तुटलेले तुकडे पुढे कोठल्या नळीत जाऊन बसले आहेत ते हुडकून काढीपर्यंत खातरजमा होत नाही. आणि पाणी यथास्थित वाहत असूनही ताप चढत असेल, तर पंख्यात जाळे गुरफटून इंजिनावर भार तर पडला नाही ना, हे पाहावयाचे. (गंमत अशी की पुष्कळदा हे जाळे त्याच होडीचे असते.)

सगळ्यात कपटी दोष मात्र तोच, ‘ह्यू लिंडसे’च्या काळचा. समुद्राचे पाणी थेट सिलिंडराभोवती फिरविणारे इंजिन साठ अंशांच्या आसपास तापू लागले की पाण्यातील क्षार आतल्या भिंतींवर धरू लागतात. म्हणून अशी इंजिने मुद्दाम थंड राखावी लागतात, आणि थंड इंजिन तेल जास्त खाते. यावर उपाय म्हणून आत गोडे पाणी, बाहेर खारे, आणि दोहोंची गाठ केवळ तांब्याच्या मिश्रधातूच्या बारीक नळ्यांच्या आडून, अशी व्यवस्था आली. हॉलच्या युक्तीचीच ही धाकटी बहीण. पण पुटे म्हणून टळली नाहीत. ती सिलिंडर सोडून नळ्यांत बसू लागली, आणि वर्षाकाठी सौम्य आम्लाने त्या धुण्याचा शिरस्ता पडला.

इंजिन आले म्हणून डोलकाठी लगेच उतरली नाही. पहिल्या पिढीतील कित्येक यांत्रिक होड्यांवर शीड गुंडाळून ठेवलेले असे, आणि भर समुद्रात यंत्र तापले की ते उभारून, इंजिन निवेपर्यंत, होडी पुन्हा वाऱ्याच्या स्वाधीन केली जाई.