लिव्हिंग विलची कुळकथा

शस्त्रक्रियेआधी रुग्ण संमतिपत्रावर सही करतो, आणि सही नाकारायचाही त्याला हक्क असतो. मग शुद्ध हरपली की हा हक्क का संपावा? शिकागोचे वकील लुईस कुटनर यांनी 1967 मध्ये यावर तोडगा सुचवला: बरं होण्याची आशा उरली नाही तर कोणते उपचार नकोत, ते माणसाने धडधाकट असतानाच लिहून ठेवावं. हेच लिव्हिंग विल. 1969 मध्ये ‘इंडियाना लॉ जर्नल’मध्ये त्यांनी ही कल्पना सविस्तर मांडली.

या कल्पनेला बळ मिळालं न्यू जर्सीतल्या कॅरन ॲन क्विनलनमुळे. 1975 मध्ये, 21 व्या वर्षी ती कोमात गेली. व्हेंटिलेटर काढण्यासाठी आईवडिलांना थेट राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. 1976 मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने अशा इच्छापत्राला मान्यता देणारा कायदा केला.

भारतात हा प्रश्न ऐरणीवर आला तो परळच्या केईएम रुग्णालयातून. परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर 27 नोव्हेंबर 1973 रोजी तिथेच अत्याचार झाला, गळा आवळल्याने मेंदूला इजा झाली. पुढची जवळपास 42 वर्षं सहकारी परिचारिकांनी त्यांना घास भरवले, त्यांची कूस बदलली. पत्रकार पिंकी विराणी यांनी दयामरणाची याचिका केली, परिचारिकांनी ठाम विरोध केला. स्वतः अरुणांना काय हवं होतं, हे सांगणारा एकही कागद नव्हता. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याचिका फेटाळली, पण कडक अटींवर निष्क्रिय दयामरणाला, म्हणजे जीव टिकवणारे उपचार थांबवण्याला, वाट करून दिली.

‘कॉमन कॉज’ संस्थेच्या याचिकेवर 9 मार्च 2018 रोजी घटनापीठाने लिव्हिंग विलला मान्यता दिली खरी, पण त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही बंधनकारक केली. एवढा खटाटोप कोण करणार? जानेवारी 2023 मध्ये ही अट गेली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत. उपचार थांबवण्याआधी मात्र डॉक्टरांच्या दोन मंडळांना रुग्णाची स्थिती तपासावी लागते.

तरीही कागद सांभाळणार कोण, हे अधांतरीच होतं. स्थानिक स्वराज्य संस्थांनी त्यासाठी अधिकारी नेमणं अपेक्षित होतं. मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी त्यासाठी उच्च न्यायालयात जनहित याचिका केली आणि महाराष्ट्रात असे अधिकारी नेमले गेले. गोव्यात मे 2024 मध्ये न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं लिव्हिंग विल नोंदवून पायंडा पाडला.

सज्ञान, शुद्धीवर असलेल्या कोणालाही हे करता येतं आणि मन बदललं तर कधीही लेखी रद्दही करता येतं. आपल्या वतीने कोण बोलेल, त्यांची नावं त्यात घाला, एक प्रत फॅमिली डॉक्टरांना द्या. आणि सही करण्याआधी घरच्यांना समोर बसवून मनातलं सगळं सांगा. आयसीयूच्या दाराशी तो निर्णय त्यांनाच निभवायचा असतो.