पंचपदीची कहाणी

नवा धडा काढण्याआधी मास्तर दोन-चार सोपे प्रश्न विचारीत, हे पुष्कळांना आठवत असेल. “आपल्या गावची नदी कोणती? पावसाळ्यात तिचे पाणी गढूळ का होते?” आणि मग फळ्यावर मथळा : ‘नदीचे कार्य’.

या प्रश्नांचे कूळ शोधू लागलो तर आपण थेट स्वित्झर्लंडात पोहोचतो. १७९७ मध्ये हर्बार्ट नावाचा विशीतला जर्मन तरुण बर्नच्या एका सरदार घराण्यात तीन मुलांचा शिक्षक म्हणून राहिला. मुलांची प्रगती तो वडिलांना पत्रांनी कळवी. हाच पुढे १८०९ मध्ये क्योनिग्सबर्गला कांटच्या अध्यासनावर बसला. त्याचे म्हणणे साधे होते : मनात आधी वस्तीला असलेल्या ज्ञानाने ओळख दिल्यावाचून नवे ज्ञान आत येत नाही.

त्याने पायऱ्या सांगितल्या चार. त्यांच्या पाच केल्या त्सिलर आणि राइन या अनुयायांनी. गुरूपेक्षा शिष्य नेहमीच काटेकोर! ही पंचपदी ट्रेनिंग कॉलेजांच्या वाटेने आपल्याकडे आली आणि पाठ टाचणात ठाण मांडून बसली : प्रस्तावना, विषयविवेचन, तुलना, निष्कर्ष, उपयोजन.

माझ्या सराव पाठाच्या वेळी दुसऱ्याच प्रश्नाला एक मुलगा उठून म्हणाला, “सर, आज नदी शिकायची ना?” टाचणात हेतुकथन होते चौथ्या प्रश्नानंतर. मी त्याला खाली बसवले. निरीक्षकांनी शेरा उत्तम दिला. त्या मुलाचा हात मात्र तास संपेपर्यंत पुन्हा वर झाला नाही.