बेंजोतली नागीण

लोहाऱ्याच्या त्या वरातीत मी नाचत नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. (लोहारा म्हणजे धाराशिवकडचा तालुका नव्हे. यवतमाळ शहराला चिकटलेलं, एमआयडीसीचं आमचं लोहारा.) नवरदेव घोड्यावर, त्याच्या पुढे पोरं, पोरांच्या पुढे टेम्पो, आणि टेम्पोवर जनरेटर, भोंगे आणि बेंजो. मी टेम्पोच्या कडेनं चालत होतो, कारण बेंजोवाल्याच्या पायाशी फळीला सुतळीनं बांधलेली एक पेटी मला दिसली होती. कॉलेजातले गिटारवाले पायानं दाबतात तीच ती इफेक्टची पेटी. तिच्यावर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा होता आणि त्यावर मार्करनं लिहिलेलं: १, २, ३. चौथ्या जागी मात्र आकडा नव्हता. तिथं लिहिलं होतं ‘नागीन’.

वरात चौकात थांबली तेव्हा मी त्याला विचारलं, गिटारची पेटी बेंजोला कशाला? त्यानं माझ्याकडे जरा कीव केल्यासारखं पाहिलं. “हिच्यानं सूर तुटत नाही, भाऊ. सूर तुटला का नागीन मेली समजा.”

गेली दोन वर्षं मी या एका वाक्याच्या मागे लागलो आहे.

बेंजो आला कुठून, हे थोडक्यात. जपानमध्ये नागोया शहरात १९१२ साली मोरिता गोरो यांनी टाइपरायटरची कळ आणि कोतो या वाद्याची तार एकत्र आणली. त्याच वर्षी तिथं ताइशो राजवट सुरू झाली होती, म्हणून वाद्याचं नाव ताइशोगोतो. डाव्या हातानं बटणं दाबायची, उजव्या हातानं तारा छेडायच्या. तासाभरात कोणालाही एखादी चाल वाजवता यावी असं हे वाद्य. ते आपल्याकडे आलं आणि ‘बुलबुल तरंग’ झालं. पंजाबपासून केरळपर्यंत घरोघरी पोहोचलं. पुढे महाराष्ट्रात त्याच्या तारांखाली गिटारचा पिकअप बसला आणि ते दिवाणखान्यातून उठून रस्त्यावर आलं. मुंबई-कोकणात बेंजो पार्टी, आमच्याकडे संदल आणि धुमाल. २०१६ मध्ये रवी जाधवांनी त्यावर हिंदी सिनेमासुद्धा काढला.

पण या वाद्याला बेंजो का म्हणतात? इथं मला थोडं रेंगाळू द्या.

अमेरिकेतला खरा बँजो म्हणजे डफासारखं कातडं ताणलेलं, लांब दांडीचं वाद्य. गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकन लोकांनी ते तिकडे घडवलं. त्या शब्दाचं मूळसुद्धा भांडणाचंच आहे. काही जण अंगोलातल्या किंबुंदू भाषेतल्या ‘म्बांझा’कडे बोट दाखवतात, तर काही जण स्पॅनिश-पोर्तुगीज ‘बांदुर्रिया’च्या घराण्याकडे. आपल्या बेंजोला ना कातडं, ना दांडी. मांडीवर किंवा स्टँडवर आडवी ठेवायची लाकडी पेटी ती. मग हे नाव कुठून चिकटलं?

पहिला विचार मनात येतो तो ‘बाजा’चा. बाजाचा अपभ्रंश होऊन बेंजो झाला असेल? मला हे पटत नाही. बाजा हा शब्द कच्छी बाजात, बँडबाजात ठणठणीत जिवंत आहे. जो शब्द तोंडात रोज आहे, त्याचा अपभ्रंश करायची गरज कोणाला पडते? दुसरी शंका, जपान्यांनीच हे नाव दिलं असेल काय? तेही अशक्य. जपानीत ‘बेंजो’ म्हणजे संडास. नागोयाचा कोणता व्यापारी आपल्या मालावर ते नाव छापेल?

माझं मत असं, की परदेशातून आलेल्या अनोळखी तंतुवाद्याला लोकांनी हाताशी असलेलं दुसरं एक परदेशी नाव देऊन टाकलं. पुरावा फिजीत सापडतो. तिथल्या भारतीय वंशाच्या लोकांनी याच बुलबुल तरंगाला मेंडोलिन म्हटलं. मेंडोलिनशी त्याचं काही नातं नाही, जसं आपल्या बेंजोचं बँजोशी नाही. बलुचिस्तानात तो ‘बेंजू’ झाला आणि तिथले नूर बख्श आज तो वीज जोडून वाजवतात. म्हणजे नाव देताना कोणी वाद्याकडे पाहिलंच नाही. साहेबी वाटेल असा शब्द हवा होता, तो मिळाला. या बाबतीत आपण फार उदार आहोत. लेझीम-ढोलाच्या पथकाला ‘नाशिक ढोल’ म्हटलं की नागपुरातही कोणी तक्रार करत नाही.

आता मूळ प्रश्न. बेंजोच्या आवाजाला ती करवतीसारखी किनार, तो ‘फझ’, कोणी लावला?

सोपं उत्तर असं, की इलेक्ट्रिक गिटारवरून उचलला. सत्तरच्या दशकात हिंदी सिनेमात तसली गिटार वाजू लागली, आणि पुढे स्वस्तातल्या इफेक्टच्या पेट्या बाजारात आल्या. पेटी गिटारच्या दुकानातून आली, हे मी मान्य करतो. पण त्या पेटीत वीस-तीस आवाज असतात. त्यातला नेमका हाच का उचलला जातो?

दुसरं उत्तर भोंग्यांचं. भोंगा क्षमतेपेक्षा जास्त ताणला की सगळंच चरचरतं, आणि लोकांना त्याची सवय झाली. हेही अर्धंच खरं. भोंगा फाटला तर गाणाऱ्याचा आवाजही फाटतो, ढोलकीही फाटते. बेंजोवाला मात्र स्वतःचा आवाज मुद्दाम, मोजून फाडतो आणि बाकीचे साफ ठेवतो.

तिसरं उत्तर मला सगळ्यात आवडायचं, म्हणून सोडताना जड गेलं. ते जवारीचं. मिरजेत तंबोरे करणारी घराणी मुळात हत्यारांना धार लावणारी शिकलगार. ती माणसं घोडीवरून जाणाऱ्या तारेखाली सुताचा एक धागा सरकवतात आणि तार अशी काही झणझणते की एका सुरात दहा सूर ऐकू येतात. आपल्या कानाला स्वच्छ सूर कधी पुरलाच नाही, त्याला झणझण हवीच असते, आणि फझ म्हणजे विजेची जवारी. किती सुंदर वाटतं! पण जवारीची तार छेडल्या क्षणापासून विझायला लागते. बेंजोवाल्याला हवं आहे ते बरोबर उलटं. त्याला सूर तुटायला नको आहे.

न तुटणारा सूर कोणाचा? पुंगीचा. गारुडी गालात हवा साठवून नाकानं श्वास घेतो आणि सूर अखंड ठेवतो. आणि वरातीत पुंगी म्हटलं की एकच चाल: १९५४ सालच्या ‘नागिन’ सिनेमाची. संगीत हेमंत कुमारांचं. रुमाल दातात धरून रस्त्यावर लोळणाऱ्या प्रत्येक माणसानं ती धून बीनची, म्हणजे पुंगीची, म्हणून ऐकली आहे.

ती बीन नव्हतीच. ती वाजवली कल्याणजींनी, म्हणजे पुढे आनंदजींबरोबर जोडी झालेल्या कल्याणजींनी, क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेच्या वाद्यावर. सोबत हार्मोनियमवर होते संगीतकार रवी. क्लॅव्हिओलिन फ्रान्सच्या कॉन्स्टंट मार्टिन यांनी १९४७ मध्ये बनवलं. छोटीशी पट्टी, आत व्हॉल्व्ह, एका वेळी एकच सूर. त्याची लाट जवळजवळ चौकोनी असते: झटकन वर, सपाट, झटकन खाली. ही चौकोनी लाट कानाला गुणगुणत्या किड्यासारखी लागते, आणि कळ दाबून ठेवली तोवर सूर जराही ढळत नाही.

फझची पेटी तारेच्या आवाजाचं काय करते? त्याला इतकं फुगवते की लाटेचा वरचा आणि खालचा भाग छाटला जातो. गोल लाट चौकोनी होते. शिवाय तार मंदावली तरी फुगवलेला आवाज छाटण्याच्या रेषेला टेकलेलाच राहतो, म्हणून सूर लांबतो. दोन सूर एकत्र दिले तर त्यांचा चिखल होतो, म्हणून एका वेळी एकच. म्हणजे छेडायच्या तारेला फझ लावला की तिचं क्लॅव्हिओलिन होतं. बेंजोवाला गिटारची नक्कल करतच नव्हता. तो कल्याणजींच्या नकली पुंगीची नक्कल करत होता.

तारखाही माझ्या बाजूनं आहेत. पहिली फझ पेटी, मेस्ट्रो फझ-टोन, अमेरिकेत विक्रीला आली १९६२ मध्ये. नॅशव्हिलच्या एका स्टुडिओत मिक्सरचा एक भाग बिघडला, ग्रेडी मार्टिन यांचं वादन त्यात घरघरलं आणि ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी तो बिघाडच पेटीत बसवला. आपल्या कानानं हा आवाज त्याच्या आठ वर्षं आधीच, गावोगावच्या टॉकीजमध्ये ऐकलेला होता. आणि गंमत पाहा, ती पेटी विकताना कंपनीनं सांगितलं काय, तर हिच्यानं गिटार पितळी वाद्यांसारखी वाजेल! ती फारशी खपली नाही. १९६५ मध्ये गिटारवादक कीथ रिचर्ड्सनी तिच्यावर एक सुरावट वाजवली आणि मग ती जगभर गेली. ती सुरावटसुद्धा त्यांना पुढे ट्रंपेट-सॅक्सोफोनवाल्यांकडून वाजवून घ्यायची होती. म्हणजे तिकडेही फझ पसरला तो फुंकवाद्याच्या हव्यासापोटी. आमच्याकडे ब्रास बँडच्या वीस माणसांची जागा एका टेम्पोनं घेतली, तेव्हा पितळेच्या पिपाणीची उणीव याच आवाजानं भरून काढली, हे ओघानंच आलं.

कोणी म्हणेल, या साखळीतला मधला दुवा कुठे आहे? ज्यानं पहिल्यांदा बेंजो फझमध्ये घातला तो माणूस कुठे आहे? तो माणूस एक नसणार. अशा गोष्टी पाच गावांत पाच जण करतात, आणि पाचही जण लग्नाच्या सुपाऱ्या वाजवण्यात गुंतलेले असतात.

लोहाऱ्याच्या बेंजोवाल्याचा हात मात्र मी जवळून पाहिला. नागीण लावताना त्यानं आधी पेटीवरचा ट्रेबल बराच खाली आणला. गिटारच्या अँपचा स्पीकर वरची किनार आपोआप खातो, भोंगा खात नाही. ट्रेबल तसाच ठेवला तर कानात सुई जाते. गेन त्यानं पूर्ण दिला नाही, कारण मग जनरेटरची घरघरही सुराबरोबर फुगते. मग थोडा डिले, एकदाच परतणारा. शेवटी डाव्या हाताचं बोट बटणावरून न उचलता त्यानं उजव्या हातानं तार एकदाच छेडली आणि हात काढून घेतला. सूर उभा राहिला. घोडा कान हलवत होता, नवरदेवाचा मामा रस्त्यावर आडवा होत होता आणि तार अजून बोलत होती. मी मनात मोजले, सात आकडे झाले.

माझ्या म्हणण्यावर विश्वास ठेवू नका. पुढच्या वरातीत टेम्पोच्या कडेनं चाला आणि तुमच्या गावच्या बेंजोवाल्याला एवढंच विचारा, की नागीण कितव्या नंबरवर ठेवली आहे.