बॉयलरवाल्याची टिपणे

१/५
लंडन, १९४१. बॉम्बहल्ल्यांनी विस्कटलेल्या कुटुंबांतील मुलांसाठी अ‍ॅना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनी हॅम्पस्टेड येथे बालगृहे उघडली. अन्न आणि निवारा मिळाला. प्रश्न उरला तो मनाचा.

२/५
सांभाळणाऱ्या बहुतेक जणी तरुण मुली होत्या; काही तर स्वतःच निर्वासित. काम करता करताच त्यांचे प्रशिक्षण होई. नियम एकच, पण सर्वांना लागू: मुलांच्या वागण्यात जे दिसेल ते कार्डावर टिपायचे. बॉयलर सांभाळणारे जेम्स रॉबर्टसनही त्यास अपवाद नव्हते.

३/५
या निरीक्षणांतून व्यवस्था बदलली. मुलांचे छोटे 'कुटुंबगट' करून प्रत्येक गटाला एक ठरावीक 'आई' दिली गेली. हट्ट, मत्सर, रडणे वाढले. पण मुलांची वाढही पुन्हा मार्गी लागली. माया जडल्याचीच ही खूण होती.

४/५
१९४८ मध्ये रॉबर्टसन जॉन बोल्बी यांच्यासोबत काम करू लागले. तेव्हा अनेक रुग्णालयांत आईवडिलांच्या भेटीवर कडक बंधने होती. मूल गप्प झाले की 'रुळले' असे परिचारिका म्हणत. रॉबर्टसन यांना त्या शांततेत निराशा दिसली. १९५२ मध्ये त्यांनी रुग्णालयातील दोन वर्षांच्या मुलीवर चित्रपट दाखवला, डॉक्टर संतापले.

५/५
१९५९ च्या प्लॅट अहवालाने मात्र पालकांना मुक्त भेटीची शिफारस केली. बालमनाच्या इतिहासात पदव्यांइतकेच मोल आहे ते पाहायला शिकलेल्या डोळ्यांचे.