विक्रमची शेवटची पंधरा मिनिटे

२०१३. चांद्रयान-२ मोहिमेसाठी लँडर देण्यातून रशियाने अंग काढून घेतले. भारताने तो स्वतःच बनवायचे ठरवले. पुढे यानाचे वजन वाढले, प्रक्षेपक बदलला. लँडरच्या मूळ आराखड्यात चार इंजिने होती, नंतर मध्यभागी पाचवे आले. असा एकेक बदल झाला की सॉफ्टवेअरमधली जुनी गृहीतके पुन्हा तपासावी लागतात.

२२ जुलै २०१९, दुपारी २:४३. श्रीहरिकोट्याहून चांद्रयान-२ निघाले. त्यातल्या विक्रम या लँडरला चंद्रावर उतरायला दिलेली जागा: ५०० मीटर बाय ५०० मीटर.

२ सप्टेंबर, दुपारी १:१५. विक्रम ऑर्बिटरपासून सुटला.

७ सप्टेंबर, रात्री १:३८. उंची ३० किलोमीटर, वेग सेकंदाला १,६८३ मीटर. इंजिने पेटली. आता बंगळुरूच्या नियंत्रण कक्षातून काही करता येणार नव्हते. निर्णय यानातल्या संगणकाचा.

१:४८ च्या सुमारास. उंची ७.४ किलोमीटर, वेग १४६ मीटर. इथवर सारे ठरल्याप्रमाणे.

पुढचा टप्पा ३८ सेकंदांचा. कॅमेऱ्याने खालच्या जमिनीची छायाचित्रे घ्यायची, म्हणून यान वळू द्यायचे नाही, असा नियम. इंजिनांचा रेटा मात्र अपेक्षेपेक्षा थोडा जास्त होता. चूक सेकंदागणिक साचत गेली आणि यान नियमाप्रमाणे न वळता राहिले. छायाचित्रांसाठी हा नियम योग्यच होता. त्या काळात चूक साचली तर काय, याला त्यात जागा नव्हती.

त्यानंतर वेगाने वळून ती चूक भरून काढायची होती. वळण्याच्या वेगाला सॉफ्टवेअरने मर्यादा घातलेली होती. इतक्या वेगाने वळावे लागेल, असे कोणी धरलेच नव्हते. त्यात ठरलेली जागा गाठायची आज्ञा कायम होती. जमीन जवळ आली, तरी यान तिथे पोहोचण्यासाठी वेग वाढवतच होते.

१:५३ च्या सुमारास. उतरण्याची अपेक्षित वेळ. संपर्क नाही.

सव्वादोननंतर. इस्रोचे अध्यक्ष के. सिवन यांनी सांगितले: २.१ किलोमीटर उंचीपर्यंत सारे सुरळीत होते, नंतर संपर्क तुटला.

नोव्हेंबर २०१९. सरकारने संसदेत लेखी उत्तर दिले: दुसऱ्या टप्प्यात वेग ठरवल्यापेक्षा जास्त घटला, त्यामुळे पुढचा टप्पा सुरू होतानाची स्थिती आराखड्याच्या मर्यादेबाहेर गेली. विक्रम ठरलेल्या जागेपासून ५०० मीटरच्या आत आदळला होता.

चांद्रयान-३ साठी मध्यभागचे इंजिन काढले, वळण्याची मर्यादा वाढवली आणि जागा दिली ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटर.